विसाव्याच्या चार घटका
सांता क्लारातील मराठी घरे आणि बाळंतिणीची जुनी काळजी

घरात मूल जन्मास आले म्हणजे पेढे वाटले जातात, आप्तेष्टांस निरोप जातात, नाव कोणते ठेवावे याची चर्चा रंगते. बाळ कोणासारखे दिसते यावर दोन्ही घराण्यांत गोड वाद होतात. सर्वांची दृष्टी पाळण्याकडे लागलेली असते. त्या पाळण्याची दोरी जिच्या हाती असते, तिच्या डोळ्यांखाली साचलेली जाग्रणाची काळी वर्तुळे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी येतात. आणि त्या दोरीचे दुसरे टोक धरून उभा असलेला बाप तर कोणाच्या हिशेबातच नसतो.

आपल्या पूर्वजांनी मात्र हा हिशेब मांडून ठेवला होता. बाळाचे कौतुक बाराव्या दिवशी, बारशाला. आईची काळजी मात्र सव्वा महिना, असा तो हिशेब होता. आज मॉरिशसमध्ये, महाराष्ट्रात किंवा दूर अमेरिकेत जेथे जेथे मराठी घर आहे, तेथे तेथे हा सव्वा महिना कसा पार पाडावा हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. तेथील तरुण आईबापांची स्थिती पाहिली म्हणजे गिरमिटाच्या काळातील आपल्या आज्या-पणज्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

सव्वा महिन्याचे शहाणपण

मराठी घरातील बाळंतपणाचा थाट बाहेरून पाहणाऱ्यास केवळ खाण्यापिण्याचा सोहळा वाटावा. तुपात तळून फुलविलेला डिंक, खारकेची पूड, किसलेले सुके खोबरे, खसखस आणि गूळ यांचे लाडू. ओले खोबरे आणि गूळ घालून केलेले अळिवाचे लाडू. मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार. जेवणानंतर चावावयास ओवा आणि बाळंतशेपा. या बाळंतशेपांचे नावच पाहा! मसाल्याच्या डब्यातील एका जिनसाला मराठी भाषेने बाळंतिणीचे नाव देऊन टाकले आहे.

या पदार्थांच्या गुणांविषयी वैद्य पुष्कळ सांगतील. अळीव लोहयुक्त आहेत. खारीक, खोबरे व तूप यांनी थकल्या शरीरास बळ मिळते. परंतु या थाटातील सर्वांत मोठा गुण डब्यात भरून ठेवता येण्यासारखा नव्हता. लाडू कोणीतरी वळून ठेवलेले असत. पाणी कोणीतरी तापविलेले असे. अंगाला तेल कोणीतरी चोळीत असे, आणि ते चोळताना चार गोष्टी बोलत असे. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी बाई ते तासभर आपल्याकडे ठेवी. त्या तासात आईचा डोळा लागे. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, टोपडी, झबली माहेरच्या बायका आधीच शिवून ठेवीत. बाळंतविडा घेऊन येणारी प्रत्येक जाऊ, नणंद, मावशी त्या घरात घटकाभर हातभार लावून जाई.

सोयराचेही तसेच. जन्मानंतरचे दहा दिवस आईने स्वयंपाकघरात जाऊ नये, कशास शिवू नये, या रूढीचा आधार विटाळाची कल्पना हाच होता. आणि ती कल्पना आज कोणी उचलून धरणार नाही. तरीही तिचा व्यवहारातील परिणाम विचार करण्याजोगा आहे. चुलीपासून ज्या सुनेला एरवी एक दिवसाची सुटका नसे, तिला दहा दिवसांची रजा मिळे, आणि ती देण्यास कोणी कुरकुर करू शकत नसे. विसाव्याला धर्माचे कवच लाभले होते.

या व्यवस्थेत दोषही होते. बाळंतिणीची खोली बहुधा काळोखी असे, वारा कोंडलेला असे, शेगडीचा धूर भरलेला असे. कित्येक ठिकाणी तिला पोटभर पाणीही देत नसत. दोष आणि गुण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून ते पिढ्यानुपिढ्या चालत आले. ते गाठोडे समुद्रापार गेले तेव्हा त्यातील काय टिकले आणि काय गळले, ही कथा आपल्या सर्वांच्या घराण्याची आहे.

मळ्यावरील माउली

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले गिरमिटिये पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यानंतरच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्याच वाटेने मॉरिशसमध्ये आली. त्यांच्या पावलांखाली झिजलेल्या सोळा पायऱ्या आप्रवासी घाटावर आजही जपून ठेवल्या आहेत, आणि २००६ साली त्या स्थानास जागतिक वारशाचा मान मिळाला. मुंबई बंदरातून आलेल्या आपल्या मराठी पूर्वजांची संख्या या लोंढ्यात लहान होती. कोकणातून आणि घाटमाथ्यावरून निघालेली ही माणसे आपापल्या गावची गाणी, देव आणि जेवणाच्या चवी बरोबर घेऊन आली.

बरोबर आली नाही ती माहेरची माणसे. गिरमिटाच्या जहाजांत पुरुषच अधिक असत. पुढे अनेक वसाहतींसाठी दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया नेण्याचा दंडक घालावा लागला, यावरूनच ती उणीव केवढी होती हे दिसते. अशा मळ्यावर एखाद्या स्त्रीचे दिवस भरले म्हणजे सासू कोठून आणावी? आई कोठून आणावी? लाडवाचा डिंक कोठून आणावा, हा प्रश्न तर त्याच्याही पुढचा.

नवऱ्याने घरी राहून तिची शुश्रूषा करावी म्हटले, तर मळ्याचा कायदा आड येई. मॉरिशसच्या मळ्यांवर १९व्या शतकात 'डबल कट' या नावाची कुप्रसिद्ध पद्धत होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई. महिन्याला ५ रुपये हा त्या काळचा सर्वसाधारण दर. बायको बाळंत झाली म्हणून दोन दिवस घरी राहिलेल्या बापाचे चार दिवसांचे दाणे जात. पेजेची वाटी तिच्या हातात देण्यासाठी त्याला किती मोल मोजावे लागे, याचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिलेला नाही.

तरीही मुले जन्मली, वाढली, आणि त्यांच्या वंशजांच्या हातात आज ही स्मरणिका आहे. हे घडले कसे? जहाजावर एकत्र आलेली, जातीची न पातीची, गावची न शिवेची माणसे एकमेकांस जहाजी भाऊ आणि जहाजी बहीण म्हणू लागली, हे गिरमिटाच्या इतिहासातील एक उज्ज्वल सत्य आहे. रक्ताचे नाते मागे राहिले तेव्हा त्यांनी पाण्यावर नाते जोडले. जिच्या भाषेतील निम्मे शब्द कळत नव्हते, ती शेजारीण मावशी झाली. बाळंतिणीच्या उशाशी बसणारा हात कोणाचा, हे विचारण्याचे तेव्हा कारण उरले नाही.

एका आईचे अमेरिकेस जाणे

अमेरिका आणि मराठी बाळंतीण यांचा संबंध सांता क्लाराच्या कितीतरी आधी जुळला आहे. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, हे शल्य त्यांच्या मनात राहिले. त्या शल्यातूनच त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचल्या, आणि १८८६ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

विद्यालयातील उत्तमोत्तम ग्रंथ समोर असताना या मुलीने आपल्या आजीच्या काळोख्या बाळंतखोलीतील चालीरीतींचा विषय अभ्यासास घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्यातील कोणते जपावे आणि कोणते टाकावे, हा प्रश्न तिने अमेरिकेच्या भूमीवर बसून विचारला. तोच प्रश्न आज सांता क्लारातील प्रत्येक मराठी आई आपल्या परीने विचारीत असते.

फळबागांचे खोरे, यंत्रांचे गाव

सांता क्लारा हे नाव १७७७ साली स्थापन झालेल्या एका ख्रिस्ती मिशनवरून पडले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सारे खोरे जर्दाळू आणि आलुबुखार यांच्या बागांसाठी प्रसिद्ध होते; वसंतात मैलोगणती पांढरा मोहोर दिसे. पुढे बागा गेल्या आणि त्या जागी संगणकाचे सूक्ष्म भाग घडविणारे कारखाने उभे राहिले. १९६८ साली निघालेल्या इंटेल कंपनीचे मुख्यालय याच गावी आहे. २०२० सालच्या जनगणनेत गावाची वस्ती १,२७,६४७ भरली. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील माणसांस खुली झाली, आणि १९९० नंतर कुशल कामगारांच्या परवान्यावर मराठी तरुण-तरुणी या खोऱ्यात मोठ्या संख्येने येऊ लागली. त्याच परगण्यातील सॅन होजे येथे २०२४ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन भरले, यावरून तेथील मराठी वस्तीची कल्पना यावी.

गिरमिटाची वाट आणि ही वाट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे निराळे सांगावयास नको. एक वाट पोटाची होती, दुसरी विद्येची. एकीला परतीचे तिकीट क्वचितच लाभले, दुसरीला ते हवे तेव्हा मिळते. परंतु मूल जन्मास आले म्हणजे दोन्ही वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात. दोन खोल्यांच्या सदनिकेत दोनच माणसे असतात आणि तिसरे रडत असते. शेजारच्या दारामागे कोण राहते, याची पुष्कळदा ओळखही नसते.

म्हणून पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आजी-आजोबा येतात. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांस तेथे एका वेळी साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. या सहा महिन्यांत त्या घराला पुन्हा माहेरपण येते. आजीच्या पेटीतून डिंक निघतो, वेखंडाचा तुकडा निघतो, तिच्याच जुन्या पातळाचे दुपटे निघते. परंतु प्रत्येक आजीचे गुडघे एवढा प्रवास सोसतातच असे नाही. कधी परवाना मिळत नाही, कधी घरी दुसरे आजारपण असते. आणि आजी आली तरी ती जाणारच असते. विमानतळावरून परत आल्यावर त्या सदनिकेत जी शांतता पसरते, ती अनुभवलेली माणसेच जाणतात.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मात्र एक गोष्ट चांगली केली आहे. देशाच्या १९९३ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांतील नोकरदारांस १२ आठवड्यांची बिनपगारी रजा दिली होती. कॅलिफोर्नियाने त्यापुढे जाऊन २००२ साली कायदा केला, आणि १ जुलै २००४ पासून नव्या बाळाच्या सहवासासाठी वेतनाचा काही भाग देऊन रजा देण्यास आरंभ केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. आरंभी ही मदत ६ आठवडे मिळे, २०२० पासून ८ आठवडे मिळते. तिचा खर्च कामगारांच्याच पगारातून कापलेल्या लहानशा वर्गणीतून भागतो. विशेष असे की, ती आईइतकीच बापालाही आहे. 'डबल कट' सोसलेल्या पणजोबांच्या वंशजांनी या एका कलमाकडे डोळे भरून पाहावे. ज्या दिवसासाठी एकेकाळी बापाला दुप्पट दंड बसे, त्याच दिवसासाठी आता त्याला मोबदला मिळतो. तो दिवस बापाने घरी घालवावा, रजा शिल्लक ठेवून शौर्य मिरवू नये.

लहान सुखांची शिदोरी

थकलेल्या आईबापांस सुख देणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नसतात. पहिले सुख ऊन ऊन चहाचे. बाळ उठण्यापूर्वी शेवटच्या घोटापर्यंत पिता आलेला चहा ज्याने दोन महिने पाहिलेला नाही, त्यालाच त्याची किंमत कळते. दुसरे सुख ऊन पाण्याच्या स्नानाचे. दार लावून, बाळाचा आवाज कानी न पडता, घाई न करता केलेले स्नान! जुन्या बाळंतिणीचे अभ्यंग सांता क्लारात रोज जमत नाही. मालिश करणारी बाई सहज मिळत नाही आणि मिळाली तरी तिचा मोबदला सर्वांना परवडतोच असे नाही. परंतु नवऱ्याने रात्री पायांना कोमट तेल चोळून दिले, तर त्यास कोणाची हरकत नसावी.

तिसरे सुख एका हाताने खाता येणाऱ्या जिनसांचे. दुसऱ्या हातात बाळ असते, म्हणून ताट वाढून बसणे होत नाही. आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीसाठी लाडवाचा आकार निवडला, यातील सोय येथे पटते. डिंक आणि अळीव त्या भागातील भारतीय दुकानांत मिळतात. अळिवांस तेथे पुष्कळदा हालीम या नावाने ओळखतात. मराठी मंडळींत एक सुंदर प्रथा रुजली आहे: ओळखीच्या घरी बाळ जन्मले की मैत्रिणी दिवस वाटून घेतात आणि पाळीपाळीने डबा पोचवितात. एकीची मुगाची खिचडी, दुसरीची भाकरी आणि लसणाची चटणी, तिसरीचे मेतकूट. डबा देणारी दारातच विचारते, "कपडे घडी करून ठेवू का?" या प्रश्नात जुना बाळंतविडा पुन्हा जिवंत होतो.

चौथे सुख बोलण्याचे. सांता क्लारात उन्हाळ्यात रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा पुण्यात दुपारचे अडीच झालेले असतात आणि मॉरिशसमध्ये दुपारचा एक. पृथ्वीच्या गोलाईने दूर केलेल्या लेकीवर एवढी एक कृपा केली आहे. भर मध्यरात्री, सारे गाव निजलेले असताना, दूध पाजीत बसलेल्या मुलीला आपली आई जेवणानंतर सुपारी कातरीत बसलेली सापडते. "पोट भरलं का गं तुझं?" असे विचारणारे जगात एकच माणूस असते, आणि ते त्या वेळी जागे असते.

पाचवे सुख ऐकण्याचे. हात गुंतलेले आणि डोळे मिटत असलेले, अशा वेळी कानच मोकळे राहतात. महाराष्ट्रातील बायकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. पहाटे जात्यावर बसलेल्या आईने आपल्या तान्ह्याविषयी, माहेराविषयी, शिणलेल्या हातांविषयी ओव्या रचल्या. साने गुरुजींनी त्यांतील पुष्कळ 'स्त्रीजीवन' या संग्रहात जतन केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. जाते गेले, पण शीण गेला नाही. म्हणून सांता क्लारातील आईही रात्री काहीतरी ऐकत असते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गाजलेल्या गीतरामायणात ५६ गीते आहेत. एका वेळच्या पाजण्यास एकदोन पुरतात. कोणी पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन लावतो आणि बाळ दचकून उठू नये म्हणून हसू दाबून धरतो. हसू दाबणे हेही त्या दिवसांत एक सुखच म्हणावयाचे.

वाचनाची हौस असणाऱ्याने थोर कादंबऱ्यांस तूर्त नमस्कार करावा. पाच-दहा मिनिटांत संपेल असे काही जवळ असावे. 'व्यक्ती आणि वल्ली'मधील एकेक माणूस एका बैठकीत भेटून जातो. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ची पाने चाळताना तर स्वयंपाक न करताही पोट भरल्यासारखे वाटते.

आणि सहावे सुख उंबरठ्याबाहेरचे. सांता क्लारात पाऊस पडतो तो मुख्यत्वे हिवाळ्यात. बाकीचे महिने कोरडे आणि उजळ असतात. कीली मार्गावरील सेंट्रल पार्कात बाबागाडी ढकलीत एक फेरी मारली, तरी चार भिंतींचा कोंडमारा हलका होतो. उद्यानास लागूनच गावाचे वाचनालय आहे, आणि अशा सार्वजनिक वाचनालयांत तान्ह्या मुलांसाठी गाण्या-गोष्टींचा तास ठेवण्याची पद्धत आहे. तीन महिन्यांच्या बाळाला त्या गोष्टीतले काय कळत असेल ते असो. त्याच्या आईला मात्र आपल्यासारखीच केस न विंचरलेली दुसरी आई भेटते, आणि आपण एकट्याच दमलेल्या नाही हे कळते. मॉरिशसच्या गावोगावच्या बैठकांनी दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांस जे दिले, तेच थोड्या वेगळ्या रूपाने येथे मिळते: शीण वाटून घेण्याची जागा.

चार घटका झोप

या सर्व सुखांची राणी झोप होय. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते असे वैद्य सांगतात. मग आईबापांची झोप जाते कोठे? उत्तर असे की, ते सतरा तास तुकड्यातुकड्यांनी येतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळाला पाजावे लागते; दोन पाजण्यांमधील अवकाशात दुपटी बदलणे, ढेकर काढणे, धुणे आणि जेवण बसवावयाचे असते.

आपल्या जुन्या कालगणनेत एक घटका २४ मिनिटांची. चार घटका म्हणजे ९६ मिनिटे. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांत पुरे होते. म्हणजे चार घटका सलग, कोणी न उठविता मिळाल्या, तर शरीराला झोपेचा एक पुरता घास मिळतो. दिवसा अशा चार घटका आणि रात्री आठ घटका कोणीतरी आईला मिळवून दिल्या पाहिजेत. हे 'कोणीतरी' कोण, यावर त्या घराचे सुख अवलंबून असते.

सांता क्लारातील अनेक जोडपी रात्र वाटून घेतात. नऊपासून एकपर्यंत बाळ एकाचे, पुढे पहाटेपर्यंत दुसऱ्याचे. आई अंगावर पाजीत असेल तर बाप बाळ तिच्याजवळ आणून देतो, ढेकर काढतो, दुपटे बदलतो आणि पुन्हा निजवितो. आपल्याकडे पुष्कळ पिढ्या बापाने बाळ उचलले तर लोक हसत. त्या हसण्याची आता लाज वाटावयास हवी.

जपावे ते आणि सोडावे ते

प्रेमाने केलेले सर्वच हितकर असते असे नाही. जन्मतःच बाळाला मधाचे बोट चाटविण्याची चाल आपल्याकडे आहे. मधातील एका जंतूच्या बीजामुळे तान्ह्या मुलांस होणारा बोट्युलिझम हा विषबाधेचा विकार १९७६ साली कॅलिफोर्नियातच प्रथम ओळखला गेला. तेव्हापासून एक वर्षाच्या आत मध देऊ नये असे वैद्य सांगतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, म्हणून गुटीचे उगाळणेही थांबवावे. धुरीची तर गोष्टच वेगळी. शेगडीत ओवा टाकून धूर केला की सदनिकेतील धुराची घंटा सारी इमारत जागी करते. पण घंटा नसती तरी तो धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांस वाईटच. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशी-गोधडीवाचून निजवावे असा प्रचार अमेरिकेत १९९४ पासून झाला, आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या बालकांची संख्या पुढील काळात सुमारे निम्म्यावर आली. आजीची गोधडी म्हणून टाकून द्यावयाची नाही. ती आईच्या अंगावर घालावी. थंडी तिलाही वाजते.

एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अकारण रडू येणे, मन हळवे होणे हे पुष्कळ जणींच्या बाबतीत घडते आणि आपोआप ओसरते. परंतु ते दोन आठवड्यांपलीकडे टिकले, झोपावयास मिळूनही झोप येईना, बाळाविषयी काही वाटेनासे झाले किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर तो आजार असतो, आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे १३ जणींस अशी मानसिक व्याधी होते. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात गरोदर व बाळंत स्त्रियांची या दृष्टीने विचारपूस करण्याचे बंधन प्रसूतिवैद्यांवर घालण्यात आले आहे. बाळ सुखरूप असताना रडावयास काय झाले, असे म्हणून अशा मुलीला गप्प करणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला थंडीबद्दल दोष देणे होय. येथे लाडू पुरत नाहीत, गाणी पुरत नाहीत. वैद्याकडे जावे लागते, आणि तेथे तिला हाताला धरून नेणारे माणूस लागते.

हातांचे देणे

वरील सर्व सुखांची यादी पुन्हा चाळली तर एक गोष्ट दिसून येईल. चहा कोणीतरी करून दिलेला असतो. स्नान होत असताना बाळ कोणीतरी घेतलेले असते. डबा कोणीतरी पोचविलेला असतो. झोपेच्या चार घटका कोणीतरी जागून दिलेल्या असतात. थकलेल्या आईबापांस विसावा विकत घेता येत नाही आणि एकट्याने निर्माण करता येत नाही; तो दुसऱ्याच्या हातून मिळतो. देशांतर माणसाजवळून प्रथम काय हिरावून घेत असेल, तर हे हात.

आपल्या पूर्वजांनी हे हात जहाजावर आणि मळ्यावर पुन्हा जोडले. सांता क्लारातील मराठी माणसे ते डब्यांच्या पाळ्यांतून, मंडळांतून आणि वाचनालयाच्या बाकावर जोडीत आहेत. मॉरिशसमध्येही आज घरे लहान झाली आहेत, मुली नोकऱ्या करीत आहेत, आणि कित्येकींच्या आया दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या देशी आहेत. तेव्हा पुढल्या वेळी ओळखीच्या घरी पाळणा हलला की, बाळासाठी चांदीचा वाळा किंवा रंगीत खेळणे अवश्य न्यावे, परंतु त्यापूर्वी पदर खोचावा, हात धुवावेत, बाळ आपल्याकडे घ्यावे आणि त्या आईला एवढेच म्हणावे: "जा बाळे, चार घटका नीज. मी आहे येथे."